आरोग्याचाही उतारा काढता येतो



उसाची गाडी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यावर खिळते. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, वजाबाकी आणि पावती. शंका आली तर गाडी दुसऱ्या काट्यावर नेऊन ताडून पाहणारे सभासदही आपल्यात आहेत, आणि त्यात काही वावगे नाही. लागणीची तारीख आपल्याला तोंडपाठ असते. शेतकी खात्याचा माणूस ब्रिक्स बघायला आला की आपण त्याच्या खांद्यावरून डोकावतो. माती तपासून आणल्याशिवाय खताचा डोस ठरवू नये, हेही आता बहुतेकांना पटले आहे. म्हणजे पिकाच्या बाबतीत आपण अंदाजावर विसंबत नाही.

घरातल्या सातवीतल्या पोरीचे काय? "जरा बारीकच आहे अंगाने. आमच्यात सगळ्या तशाच," एवढ्यावर आपले भागते. ती दुपारी वर्गात पेंगते, जिना चढताना दमते, तर म्हणायचे आळशी आहे. तिचे वजन किती, उंची किती, गेल्या वर्षात किती वाढली, रक्तातले हिमोग्लोबिन किती, हे विचारले तर घरात कुणालाच सांगता येत नाही. लहानपणी अंगणवाडीत दरमहा वजन होत होते. पहिलीत नाव घातले आणि तो तक्ता बंद झाला.

हा तक्ता पुन्हा सुरू करायचा तर तो कुणी करावा? डॉक्टरांनी, नर्सबाईंनी, हे उत्तर बरोबरच आहे, पण अपुरे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. २०१३ साली या कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली. पथक येते, तपासते, कार्ड भरते आणि पुढच्या शाळेला जाते. उरलेल्या दिवसांचे काय? माझे म्हणणे असे की हे काम सहावी, सातवी, आठवीच्या मुलांनी स्वतः करावे, आणि तोच त्यांचा विज्ञानाचा व गणिताचा धडा व्हावा. आरोग्य शिकवायचे म्हणजे भिंतीवर घोषवाक्ये लिहायची आणि प्रभातफेरी काढायची, ही आपली जुनी सवय. घोषवाक्याला मुले टाळ्या देतात आणि विसरतात. स्वतः मोजलेला आकडा विसरत नाहीत.

ही कल्पना कुणी परदेशातून आणलेली नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्या हिशेबाने सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचे काम सुरू झाले. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते हाती घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसून धडे तयार करत. १९७८ साली काम पूर्ण जिल्ह्यात गेले, १९८२ नंतर 'एकलव्य' संस्थेने ते सांभाळले, आणि २००२ साली राज्य सरकारने ते बंद केले. का बंद केले यावर पुष्कळ वाद आहेत, त्यात पडत नाही. पण तीस वर्षे खेड्यातली मुले पाठांतराऐवजी मोजून, मांडून, तक्ते करून विज्ञान शिकत होती, एवढे नक्की. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातल्या शाळांतही १९७० च्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने असेच काम केले.

आणखी जवळचे उदाहरण पाबळचे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ हे कोरडवाहू गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नशास्त्रातले मोठे संशोधक, हिंदुस्थान लीव्हरच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तिथे आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करायचे, असा त्यांचा अभ्यासक्रम. लोहारकाम, सुतारकाम, शेती, वीज हे आलेच, पण त्यातला एक विभाग घर आणि आरोग्याचा. मुले रक्तगट तपासायला शिकतात, हिमोग्लोबिन मोजायला शिकतात, लहान मुलांच्या वाढीचा तक्ता भरतात, पिण्याचे पाणी तपासतात. पुढे एसएससी मंडळाने हा विषय मान्य केला आणि राज्यातल्या अनेक शाळांत तो गेला. डॉ. कलबाग २००३ साली वारले, आश्रम चालू आहे. गंमत अशी की शेतकऱ्याची माती तपासून देणारा मुलगा आणि शेतकऱ्याच्या बायकोचे हिमोग्लोबिन तपासून देणारा मुलगा तिथे एकच असतो. त्याच्या दृष्टीने दोन्ही नमुनेच.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करायचे ते पाहू.

सुरुवात उंची आणि वजनाने करावी, कारण त्याला भिंत, टेप आणि काटा एवढेच लागते. चपला काढून टाचा भिंतीला टेकवायच्या, नजर समोर, डोक्यावर पुठ्ठा काटकोनात धरायचा आणि खूण करायची. एकाच मुलाची उंची तीन मुलांनी वेगवेगळी मोजायला लावली की आकडे तीन येतात. इथेच पहिला धडा होतो की मोजण्यातही चूक असते आणि ती किती असते हेही मोजता येते. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळी मोजलेल्या उंचीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते, कारण मणक्यांमधल्या गाद्या दिवसभरात दबतात. मुलांना हे सांगू नये, दोन वेळा मोजून त्यांनाच सापडू द्यावे. म्हणजे दरवर्षी एकाच वेळेला मोजायचे, हा नियम तीच करतील.

मग मुलांचे आकडे एका रंगात आणि मुलींचे दुसऱ्या रंगात आलेखावर मांडायचे. सहावी-सातवीच्या वर्गात बहुधा मुली उंच निघतात आणि मुले गप्प होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात बारा वर्षांच्या मुलीची मधली उंची १५१ सेंटिमीटर आहे, मुलाची १४९. चौदाव्या वर्षी चित्र उलटते, मुलगा १६३ आणि मुलगी १६०. मुलीची वाढ आधी होते, आणि तिच्या वाढीचा वेग सर्वात जास्त असतो ती दोन-तीन वर्षे नेमकी हीच. याच वयात तिची पाळी सुरू होते, रक्त जाते, आणि याच वयात घरात तिला शेवटच्या पंगतीला बसवतात. हा हिशेब मुलींनी स्वतःच्या वहीत केला तर आईशी बोलायला तिला एक आधार मिळतो.

वजन-उंचीच्या गुणोत्तराबद्दल एक सावधगिरी हवी. किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा हिशेब आठवीच्या मुलाला येतो. ३६ किलो वजन आणि १.४८ मीटर उंची असेल तर उत्तर साधारण १६.४ येते. दवाखान्यात टांगलेल्या तक्त्यात लिहिलेले असते की १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन. मुलगी घाबरते. पण तो तक्ता मोठ्या माणसांचा. बारा वर्षांच्या मुलीसाठी मधला आकडा सुमारे १८ आणि धोक्याची खालची रेषा सुमारे १४.४ आहे, म्हणजे ही मुलगी ठीक आहे. आडसालीचा तक्ता खोडव्याला लावला तर काय होईल, तसेच हे.

आता रक्ताकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५७.२ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे पंडुरोग निघाला. त्याआधीच्या फेरीत हाच आकडा ४९.७ टक्के होता. मधल्या काळात शाळांतून लोहाच्या गोळ्या वाटल्या गेल्या, तरी आकडा वाढला. हे दुष्काळी पट्ट्यापुरतेच आहे असे समजून बागायतदारांनी स्वस्थ बसू नये. अख्ख्या राज्याची ही सरासरी आहे आणि त्यात पाटपाण्याखालची गावेही आली. आपल्या शाळेतला आकडा किती? तो कुणालाच माहीत नाही, कारण पाहणी १५ वर्षांच्या पुढची आणि आपल्या मुली ११ ते १४ च्या. म्हणून आपला आपण काढायचा.

रक्त टोचून घेणे हे काम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांनीच करावे, पालकांची लेखी संमती घेऊन, प्रत्येकाला नवी सुई वापरून. मुलांनी पुढचे काम करायचे. १२ वर्षे व वरच्या मुलींना १२ ग्रॅमच्या खाली आणि ५ ते ११ वर्षांच्या मुलांना ११.५ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर कमी धरतात, ८ च्या खाली गेले तर गंभीर. समजा वर्गात २० मुली आहेत. सोळाजणींचे आकडे १२.५ च्या आसपास, चौघींचे ९ च्या आसपास. सरासरी काढली तर ११.८ येते आणि कुणी म्हणेल, जरासेच कमी आहे, चालेल. त्या चौघी सरासरीत लपल्या. कारखान्याचा सरासरी उतारा चांगला निघाला म्हणून कुणाच्या एका फडातला तांबेरा नाहीसा होत नाही. सातवीच्या पुस्तकात सरासरी शिकवतात, पण सरासरी कधी फसवते हे शिकवायला असे उदाहरण लागते.

मग कारण शोधायचे. लोह पोटात कमी जाते, की जाते पण अंगी लागत नाही, की लागलेले बाहेर जाते? जेवणानंतर लगेच चहा घेतला की अन्नातले लोह कमी शोषले जाते, लिंबू पिळले की जास्त. प्रत्येकाने आठवडाभर आपल्या घरी जेवणानंतर चहा किती मिनिटांत होतो ते लिहून आणायचे. अंकुशकृमी नावाचा जंत अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. उघड्यावर शौच होते तिथल्या ओल्या मातीत त्याच्या अळ्या असतात, आणि आपले पाट, बांध, उसाची सरी ही सगळी ओली मातीच. वर्गातल्या किती जणांच्या पायांत शेतात जाताना चपला असतात? हात वर करायला लावू नये, मुले खोटे सांगतात. चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घ्यावे. जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, शाळेत वर्षातून दोनदा मिळते. लोहाची निळी गोळी १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा मिळते. मिळते, पण गिळली जाते का? पोट भरलेले नसताना खाल्ली की मळमळते, शौच काळे होते, आणि "गोळी बाधली" म्हणून दुसऱ्या आठवड्यात ती खिडकीबाहेर जाते. जेवणानंतर घ्यावी, काळ्या शौचाने काही बिघडत नाही. हजेरीपटासारखा गोळीपट मुलांनीच ठेवला आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तर ज्यांनी वीस गोळ्या घेतल्या आणि ज्यांनी पाच घेतल्या त्यांच्यातला फरक मुलांना स्वतः दिसेल. दोन्ही वेळा यंत्र मात्र एकच हवे. एका काट्यावर भरलेली गाडी दुसऱ्या काट्यावर रिकामी मोजायची नसते.

कुणाचा आकडा फळ्यावर नावासकट लिहायचा नाही. हे मी ठासून सांगतो. मुलीचे वजन, मुलीचे हिमोग्लोबिन ही तिची आणि तिच्या घरची गोष्ट. तक्त्यावर क्रमांक, नाव फक्त बाईंच्या वहीत. एकदा कुणी तिला चिडवले की पुढच्या वर्षी ती तपासणीच्या दिवशी घरीच राहील आणि आपला तक्ताही खोटा होईल.

पाण्याचा विषय मळ्यात राहणाऱ्यांना जास्त लागू आहे. गावठाणात नळाचे पाणी येते, मळ्यातल्या वस्तीवर विहीर नाहीतर बोअर. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले मांजा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली एक सोपी तपासणी प्रसिद्ध केली. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून उबदार जागी ठेवायचे, दिवस-दीड दिवसात पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याचा दाट संभव. ना सूक्ष्मदर्शक लागतो ना प्रयोगशाळा. बोअरच्या पाण्यात मुळातच गंधकाचा वास असेल तर ही तपासणी फसू शकते, म्हणून काळी पडलेली बाटली म्हणजे शेवटचा निकाल नव्हे, पुढे पाणी प्रयोगशाळेत पाठवण्याचा इशारा. नमुना कसा घ्यायचा हे आपण मुलांना शिकवू शकतो. माती परीक्षणाला बांधाजवळची, खताच्या ढिगाजवळची माती घेत नाही, नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची घेतो. एका ठिकाणची मूठ म्हणजे शेत नव्हे. पाण्याचेही तसेच. पावसाळ्यातला पहिला पूर येऊन गेल्यावर एक नमुना, दिवाळीनंतर एक, उन्हाळ्यात तळ गाठल्यावर एक.

विहिरीत टीसीएल टाकायचे तर किती, हे सहसा डोळ्यांच्या मापाने ठरते. मुलांना हे गणित द्या. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये, गुणिले पुन्हा व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, म्हणजे लिटर. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर ३७,६८० लिटर झाले. आरोग्यसेवकाने हजार लिटरला ५ ग्रॅम सांगितले तर सुमारे १८८ ग्रॅम पावडर लागेल. वर्तुळाचे क्षेत्रफळ कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या पोराला यापुढे उत्तर द्यायला नको.

पाण्यात आणखी एक गोष्ट असते, ती काळी पडणाऱ्या बाटलीत दिसत नाही. उसाला आपण जो युरिया टाकतो, त्यातला पिकाने न घेतलेला भाग नायट्रेट होऊन पाटपाण्याबरोबर खाली झिरपतो आणि विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्यापुढे गेले तर बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊन बाळ निळे पडते. पाणी उकळले तरी नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते. हा तपास मुलांनी केला तर आकडा आपल्याच शेताकडे बोट दाखवील. दाखवू द्यावे.

आजाराचा नकाशा काढणे हा मुलांच्या आवडीचा भाग. १८५४ साली लंडनच्या एका वस्तीत पटकीने काही आठवड्यांत सहाशेच्या वर माणसे दगावली. पटकी घाणेरड्या हवेने होते, अशी तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांची समजूत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर जाऊन मृत्यू मोजले, नकाशावर खुणा केल्या, तर त्या एका हापशाभोवती दाटल्या. जवळच्या दारूच्या भट्टीतले मजूर मात्र वाचले होते, कारण ते त्या हापशाचे पाणीच पीत नव्हते. हापशाची दांडी काढण्यात आली. जंतूची ओळख पटलेली नव्हती, तरी मोजणीने पाण्यावर बोट ठेवले. आपल्या मुलांनी वस्तीचा नकाशा काढावा, घरे, विहिरी, बोअर, गोठे, शौचालये मांडावीत, आणि पावसाळ्यात जुलाब झाले त्या घरावर टिंब द्यावे.

इथे एक फसगत होते. समजा गावठाणात २४ जण आजारी पडले आणि मळ्यातल्या वस्तीवर ९. ओरडा गावठाणाचा होणार, टँकर तिकडे जाणार. पण गावठाणाची लोकसंख्या १,२०० आणि वस्तीची १५० असेल, तर गावठाणात हजारी २० आणि वस्तीवर हजारी ६०. खरे दुखणे वस्तीवर आहे. दहा एकरांत चारशे टन काढणारा आणि दोन एकरांत एकशे चाळीस टन काढणारा यांत चांगला ऊस कुणाचा, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. हाच एकरी हिशेब माणसांना लावायचा. २०२०-२१ मध्ये करोनाचे आकडे रोज कानांवर आदळत होते. नाशिकमध्ये एवढे, पुण्यात तेवढे. किती तपासण्यांमागे किती, किती लोकसंख्येमागे किती, हे विचारणारे थोडे होते. त्या दिवसांत कित्येक घरांत आजोबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वाचणारे सातवी-आठवीतले नातवंडच होते. म्हणजे पोरांना यातले काही जड नाही.

जुलाबाचा विषय निघाला की साखर आलीच, आणि ही हकीकत साखर कारखान्याच्या सभासदांनी जरूर वाचावी. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाईन संपले, छावण्यांत शंभरातले तीसएक रोगी मरत होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, म्हणजे ग्लुकोज, आणि मीठ-सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटायला सुरुवात केली आणि नातेवाइकांनाच पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. नुसते मीठ-पाणी आतडे नीट शोषत नाही, साखर बरोबर असली की तिच्या हाताला धरून मीठ आत जाते आणि मागोमाग पाणी. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. घरी करायचे प्रमाण असे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मुलांनी आपापल्या घरचा चमचा आणून ५ मिलिलिटरच्या मापाशी ताडून पाहावा, चमच्या-चमच्यांत किती फरक असतो ते कळेल. साखर जास्त पडली तर जुलाब वाढतात, म्हणून माप महत्त्वाचे. आयती पुडी मिळत असेल तर ती उत्तम.

आता साखरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या अंकात ती लिहिणे म्हणजे घरच्याच पंगतीत मीठ कमी म्हणण्यासारखे आहे, तरीपण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असावी, मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. देशात माणशी वर्षाला सुमारे २० किलो साखर खपते, म्हणजे रोजची ५५ ग्रॅम. मुलांनी घरच्या डब्याचा हिशेब काढावा. पाच माणसांत महिन्याला ५ किलो लागत असेल तर माणशी रोज ३३ ग्रॅम. शिवाय बिस्किटे, शीतपेये, दुकानातली मिठाई वेगळी. दिवाळीत सवलतीची साखर घरी येते त्या महिन्यात आकडा कुठे जातो, हेही बघण्यासारखे आहे. साखर विकावी आणि बेताने खावी, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अशिक्षित दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवले ते श्वास मोजून. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची पाटी एवढेच साधन. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० च्या वर, वर्षाच्या आतल्याचा ५० च्या वर आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० च्या वर गेला तर धोका. ज्या बायांना शंभरापर्यंत मोजता येत नव्हते त्यांना हे जमले. सातवीतल्या मुलीला धाकट्या भावाचा श्वास मोजायला जमणार नाही, असे कोण म्हणेल? मोजलेला आकडा घेऊन ताबडतोब दवाखान्यात जायचे, घरी औषध करायचे नाही, एवढे मात्र तिला बजावून सांगावे.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. गळीत हंगामात आपल्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या कोप्यांतली मुले काही आपल्या शाळेच्या पटावर नसतात, काही पटावर असून येत नाहीत. शाळेतल्या मुलांची वजने घेऊन "आमच्या गावातली मुले अशी" असे लिहिले तर तो तक्ता अर्धा. जी मुले सर्वात अशक्त असण्याचा संभव, तीच मोजणीतून सुटली. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो तिचेच पाणी कोपीवर जाते, आणि कोपीवर शौचालय नसेल तर पुढचे सांगायला नको. दंडाचा घेर मोजायची पट्टी जुन्या एक्स-रेच्या फिल्मवरही आखता येते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड १२.५ सेंटिमीटरच्या खाली भरला तर कुपोषण, ११.५ च्या खाली तीव्र कुपोषण. आठवीच्या मुलांनी बाईंबरोबर कोप्यांवर जाऊन ही मोजणी केली, आणि सापडलेल्या मुलांची यादी अंगणवाडी सेविकेला दिली, तर त्यांच्या शिक्षणाचे चीज होईल. तोडणी मजूर आपल्या उसासाठीच इथे आलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

यासाठी पैसा फार लागत नाही. आपल्या जिल्ह्यात १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या शाळा आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून १० ते १७ वयाच्या मुलांकडून गावातल्या प्रश्नांवर असेच प्रकल्प मागवते, तिथेही हे काम पाठवता येईल. अडचण पैशाची कमी आणि वेळेची जास्त. मास्तर म्हणणार, अभ्यासक्रम संपवायचा कधी? शाळा व्यवस्थापन समितीत आपले सभासद बसतात. त्यांनी हा विषय बैठकीत काढला आणि आठवड्यातले दोन तास मागितले, तर मास्तरांचाही भार हलका होईल, कारण टक्केवारी, सरासरी, आलेख, क्षेत्रफळ हे सगळे त्यातच शिकवून होते. पहिली मोजणी जून-जुलैत शाळा उघडल्यावर आणि दुसरी जानेवारीत ठेवावी, म्हणजे हंगामातली मुलेही सापडतील.

शाळेचा काटा खरा आहे का, हे आधी तपासावे. ५० किलो साखरेचे एक सीलबंद पोते काट्यावर ठेवावे, पोत्याचे वजन वेगळे धरावे, आणि फरक किती पडतो तो वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावा. प्रत्येक मोजणीच्या आधी हेच पुन्हा करावे.